बावन्न वह्यांचा गठ्ठा

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

शिक्षणसेवक म्हणून रुजू झालीस, नववी-दहावीचं गणित मिळालं, हे वाचून फार बरं वाटलं. रोज गृहपाठ किती द्यावा, असं तू विचारलंस. पर्यवेक्षक म्हणतात वह्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत, पालक म्हणतात क्लासवाले जास्त देतात आणि मुलं म्हणतात होत नाही. मी म्हणेन, आधी मुलांचं ऐक.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात नववी ते बारावीसाठी दिवसाला जास्तीत जास्त दोन तास गृहपाठ सांगितला आहे. दोन तास म्हणजे पुष्कळ झाले असं वाटतं. पण तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं यांत ते वाटले, की तुझ्या वाट्याला वीस मिनिटं उरतात. वीस मिनिटांत दहावीचं साधारण मूल वर्गसमीकरणाची तीन, फार तर चार गणितं सोडवतं. तू आख्खा सरावसंच दिलास, तर तो वेळ विज्ञानातून जाईल नाहीतर झोपेतून.

मी मात्र आख्खे सरावसंच देत आलो होतो. नोकरीच्या सहाव्या वर्षी दहावीला एकदम बारा गणितं दिली आणि रविवारी दुपारी बावन्न वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलो. तोवर माझं तपासणं म्हणजे पानाखाली बरोबरची खूण, सही आणि तारीख. त्या दिवशी का कोण जाणे, एका वहीत ओळ न् ओळ वाचली. 'क्ष वजा ३' चा वर्ग करायचा होता. पोराने लिहिलं होतं, क्ष वर्ग वजा ९. मधलं पद गायब, आणि ९ चं चिन्हही चुकलेलं. पुढच्या वहीत तेच. त्याच्या पुढच्या वहीत तेच. एकोणीस वह्यांत तीच चूक निघाली, त्याच ओळीत. पाच-सहा जणांनी तर मूळ वहीत खोडलेली ओळसुद्धा तशीच लिहून, तशीच खोडली होती. मग मी मागची पानं चाळली. महिनाभरापूर्वी, दुसऱ्या एका गणितात, याच मुलांनी हीच चूक केली होती आणि तिच्याखाली माझी लाल सही होती. ते पान अजून डोळ्यांसमोर येतं. मूल चुकलं यात नवल नाही. पण चूक बरोबर आहे असं मी त्याला लेखी दिलं होतं.

उतरवून काढणारी मुलं लबाड असतात असं मनात धरू नकोस. बारा गणितं, पाचव्याला अडलं, घरी विचारायला कुणी नाही आणि सकाळी वही दाखवायची आहे, मग ती प्रार्थनेआधी व्हरांड्यात बसून उतरवणारच. आता तर व्हरांड्याचीही गरज नाही. एकाच्या वहीचा फोटो रात्री व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडे पोचतो.

तास चालू असतो तेव्हा तू फळ्यापाशी असतेस, आणि प्रत्येक पायरी मुलांना पटत असते. घरी एकटं बसल्यावर हात कुठे थांबतो, हे त्याला आणि तुला कळावं, यासाठी गृहपाठ. म्हणून रोज तीनच गणितं दे. एक आजच्या तासातलं, एक मागच्या आठवड्यातलं, एक महिन्याभरापूर्वीचं. एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ सालीच दाखवलं होतं, की शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरलं जातं आणि थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली की टिकतं. तिन्ही गणितं एकाच प्रकारची दिलीस, तर रीत कोणती हे मूल शोधतच नाही, वरच्या गणितासारखं खाली करत जातं. आणि न सुटलेल्या गणितापाशी 'येत नाही' एवढं लिहिलेलं चालवून घेऊ नकोस. कुठल्या पायरीपर्यंत आलं आणि तिथे काय कळेना, ते एका वाक्यात लिहायला सांग. ते वाक्य उतरवून काढता येत नाही. सुरुवातीचे पंधरा दिवस मुलं चाचपडतील, तू धीर धर.

गृहपाठच बंद करा म्हणणाऱ्यांचं मला हायस्कूलपुरतं पटत नाही. अमेरिकेत हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते २००३ मधले अभ्यास एकत्र तपासून २००६ साली मांडलं, की गृहपाठ आणि शाळेतलं यश यांचा संबंध सातवीपासून पुढे जास्त दिसतो, लहान वर्गांत फार कमी. अंतर्गत मूल्यमापनात गृहपाठाला गुण आहेत, तेही दे. फक्त ते रंगीत पेनांच्या चौकटींवर देऊ नकोस.

तुझी शाळा बीडच्या डोंगरपट्ट्यातली, म्हणून आणखी एक सांगतो. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यांकडे जातं. उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. पोरं आजीकडे राहतात. माझ्या नववीत एक मुलगी होती, चार दिवस लागोपाठ गृहपाठ नाही. चारही दिवस मी तिला तासभर उभं केलं. पाचव्या दिवशी तिच्या शेजारणीने सांगितलं, की आई-बाप ऊसतोडीला गेलेत, ही पाण्याला जाते, दोन धाकट्यांच्या भाकरी करते, शेरडं बांधते आणि मग आजीचे पाय चेपते. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्यानंतर तासाची शेवटची दहा मिनिटं मी गृहपाठासाठीच ठेवली. पहिलं गणित वर्गातच सुरू व्हायचं, मी बाकांमधून फिरायचो. ती मुलगी दोन गणितं तिथेच संपवायची आणि तिसरं मधल्या सुट्टीत. तिच्या वहीत खाडाखोड भरपूर असायची, आणि ती सगळी तिची स्वतःची असायची.

दिवाळीनंतर हजेरीपटाच्या मागे लिहून ठेव, कुणाचे आई-वडील गावात नाहीत. कागदावर असलं की रागाच्या भरातही लक्षात राहतं.

बावन्न वह्या रोज होणार नाहीत. रोज दहा-बाराच घे, पाळीपाळीने, पण ओळ न् ओळ वाच. सही नसली तरी चालेल, चुकलेल्या ओळीखाली रेघ हवी. पर्यवेक्षकांनी वह्या रिकाम्या दिसतात म्हटलं, तर त्या रेघा त्यांना दाखव आणि शांतपणे समजावून सांग.

येत्या सोमवारी एकाच तुकडीत सुरू कर. शनिवारी मला लिही, सगळ्यात जास्त मुलं कुठल्या ओळीवर अडली ते. मी वाट पाहतो.

तुझे,
सर