बायनरीतले सलग गट आणि विभाजने: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: संख्या बायनरीत लिहून सलग सारख्या अंकांच्या गटांची लांबी मोजली. १४ म्हणजे १११०, गट ३ आणि १. ८ म्हणजे १०००, गट १ आणि ३. दोन्हींतून ४ चं ३+१ हेच विभाजन निघतं (विभाजन म्हणजे संख्येची धन पूर्णांकांच्या बेरजेत केलेली फोड; बेरजेतली प्रत्येक संख्या हा तिचा घटक). प्रत्येक विभाजनाला स्वतःची एकच संख्या मिळेल का?

उत्तर: मिळते. विभाजनात क्रम नसतो, गटांना मात्र क्रम असतो. तो पुसून टाकला की दोन संख्या एकाच जागी येऊन पडतात. क्रम कामाला लावा. उजवीकडून सुरुवात करा. पहिल्या गटाची लांबी हा पहिला घटक. पुढच्या प्रत्येक लांबीतून १ वजा करा आणि उरेल ते आधीच्या घटकात मिळवा. १९ म्हणजे १००११. उजवीकडून गट २, २, १. घटक २, मग २+१=३, मग ३+०=३. म्हणून १९ कडे २+३+३. उलट येताना घटक चढत्या क्रमाने लावून लागोपाठच्या घटकांच्या फरकात १ मिळवला की गट जसेच्या तसे परत येतात, आणि डावीकडचा गट नेहमी एकांचाच असल्याने अंकही ठरून जातात. त्यामुळे एकही विभाजन सुटत नाही, दोनदाही येत नाही.

प्रश्न: प्रोग्रॅममध्ये ४ साठी २+२ ऐवजी २+२+६ येतं.

उत्तर: तुम्ही ८ बिटांची, म्हणजे ८ बायनरी अंकांची, रुंदी धरली आहे. ०००००१०० मधली डावीकडची पाच शून्यं हा तिसरा गट मोजला गेला. ती आधी काढा. पडताळा सोपा आहे: संख्या सम असेल तर घटकांची संख्या सम, विषम असेल तर विषम. ४ ला तीन घटक दिसले की समजा, चूक झाली. ० मात्र वेगळा हाताळा. त्याला रिकामं विभाजन द्या, नाहीतर तो १ शी भिडतो.

प्रश्न: एखाद्या बेरजेची सगळी विभाजने हवी असतील तर कुठवर शोधायचं?

उत्तर: बिटांची संख्या = सर्वांत मोठा घटक + घटकांची संख्या − १. ही बेरजेपेक्षा कधीच जास्त नसते. म्हणून ४ या बेरजेसाठी चार बिट, म्हणजे १५ पर्यंत पुरे: ४ (२+२), १० (१+१+१+१), १३ (१+१+२), १४ (१+३), १५ (४).

प्रश्न: संयुग्मी विभाजन, म्हणजे प्रत्येक घटकाइतके ठिपके एकेका ओळीत मांडलेल्या आकृतीत ओळी आणि स्तंभ अदलाबदल केल्यावर येणारं, थेट बिटांवरून काढता येतं का?

उत्तर: येतं, आणि या मांडणीचं खरं सौंदर्य इथेच आहे. शेजारच्या दोन बिटांमध्ये अंक तोच राहिला तर 'स', बदलला तर 'ब' लिहा. १४ साठी डावीकडून स स ब. ही ओळ उलटी करा: ब स स. आता स आणि ब ची अदलाबदल करा: स ब ब. १ पासून सुरू करून वाचलं की ११०१, म्हणजे १३. खरोखरच १+३ चं संयुग्मी १+१+२ आहे. बिटांची संख्या बदलत नाही, कारण मोठा घटक आणि घटकांची संख्या फक्त जागा बदलतात.

पाच बिटांत १९, २३, २५ आणि २९ स्वतःचेच संयुग्मी आहेत. चार बिटांत मात्र असा एकही सापडणार नाही: तिथे स-ब च्या तीन खुणा असतात, उलटवल्यावर मधली खूण आपल्याच जागी राहते आणि अदलाबदलीत तिला बदलावंच लागतं.