ग्रॅन टुरिस्मो 7 हा गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम नुकताच सुरू केलाय. गाडीत आधी काय बदलू आणि टायर कोणते घेऊ?

तुम्ही लिहिलंय की माझदा रोडस्टरला टर्बो (इंजिनची ताकद वाढवणारा भाग) बसवला, आता वळणातून बाहेर पडताना गाडी गर्रकन फिरते, तर अजून मोठा टर्बो घेऊ की गाडीच बदलू? दोन्ही नको. गाडी चांगली आहे. टर्बो काढा आणि टायर घ्या.

मीही सुरुवातीला हेच केलं होतं. शर्यती जिंकून जमवलेले सगळे क्रेडिट, म्हणजे खेळातले पैसे, टर्बोवर घातले आणि जपानच्या त्सुकुबा सर्किटवर गेलो. हा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा आहे. शेवटचं वळण उजवीकडे लांबच लांब वळत जातं आणि मग सरळ रस्ता लागतो. त्या वळणात मी आर2 (अॅक्सिलरेटरचं बटण) दाबला की अर्ध्या सेकंदात मागचा भाग बाहेर सरकायचा आणि मी गवतात. पुन्हा लॅप, पुन्हा गवत. एकदा मुद्दाम रस्त्याकडे कमी आणि पडद्याच्या तळाशी चार टायरचं छोटं चित्र असतं त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवून चालवली. टर्बोचा जोर आला त्या क्षणी मागचे दोन्ही टायर लाल झाले. लाल म्हणजे टायरची पकड सुटली. इंजिन ताकद देत होतं, पण ती रस्त्यापर्यंत पोचतच नव्हती.

मग टर्बो काढला, स्पोर्ट्स सॉफ्ट टायर चढवले आणि त्याच ट्रॅकवर गेलो. सरळ रस्त्यावर गाडी हळू वाटली, पण लॅपला दोन-अडीच सेकंद कमी लागले. दोन किलोमीटरच्या ट्रॅकवर हे फार मोठं अंतर आहे.

याचं कारण नीट समजून घ्या, कारण एकदा ते डोक्यात बसलं की पुढचे बरेच निर्णय तुमचे तुम्हीच घ्याल. गाडी पळवणं, थांबवणं आणि वळवणं ही तिन्ही कामं रस्त्याला टेकलेल्या चार टायरच्या तळहाताएवढ्या तुकड्यांवर होतात. टायरकडे पकडीचा ठरावीक साठा असतो. वळताना त्यातला बहुतेक वळण्यातच खर्च होत असेल, तर अॅक्सिलरेटरसाठी थोडाच उरतो. रोडस्टरची ताकद मागच्या चाकांना जाते, म्हणून साठा संपला की मागचा भाग सुटतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत, म्हणजे खेळात सुरुवातीला मिळू शकणाऱ्या होंडा फिटसारखीत, उलटं होतं. तुम्ही स्टीअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. दोन्हीकडे दुखणं एकच आहे.

ताकद वाढली की ब्रेकवरही बोजा येतो. सरळ रस्त्याच्या शेवटी ताशी 100 ऐवजी 110 किलोमीटरने पोचलात, तर वेग 10 टक्क्यांनी वाढला, पण ब्रेकला जिरवायची ऊर्जा 21 टक्क्यांनी वाढली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे टर्बो लावून पहिल्या वळणाला नेहमीच्याच जागी ब्रेक मारला, तर गाडी वळण सोडून पुढे जाणारच.

म्हणून माझा क्रम असा. गाडी जुन्या बाजारातून घेतली असेल तर आधी जीटी ऑटो या खेळातल्या गॅरेजमध्ये ऑइल बदला. स्वस्त काम आहे आणि कमी झालेली ताकद परत येते. मग टायर. त्यानंतर वजन कमी करा. नवखे हे मागे टाकतात याचं मला खरंच वाईट वाटतं. ताकदीचा उपयोग फक्त सरळ रस्त्यावर होतो, पण हलकी गाडी लवकर पळते, लवकर थांबते आणि वळतेही चांगली. खरी रोडस्टर एवढी नावाजली गेली ती त्याचमुळे. तिच्या एस मॉडेलचं वजन एक टनाच्या आत आहे आणि ताकद फक्त 130 हॉर्सपॉवरच्या आसपास. वजनानंतर ब्रेक पॅड आणि स्पोर्ट्स सस्पेन्शन. मागच्या चाकांची गाडी असेल तर पुढे एलएसडी, म्हणजे दोन्ही चाकांत ताकद नीट वाटणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, तेही घ्या, त्याने वळणातून निघताना आतलं चाक नुसतं गरगरत राहत नाही. टर्बो, एक्झॉस्ट वगैरे सगळं शेवटी.

आता पीपीबद्दल, म्हणजे गाडीच्या एकूण कुवतीला खेळ जो आकडा देतो त्याबद्दल. बऱ्याच शर्यतींना पीपीची मर्यादा असते आणि चांगले टायर लावले की गाडीचा पीपी वाढतो. हे बघून पुष्कळजण टायर परत काढतात आणि तेवढा पीपी इंजिनवर घालवतात. तसं करू नका. टायर राहू द्या आणि पॉवर रिस्ट्रिक्टर घेऊन ताकद थोडी उतरवा. मर्यादेत बसवण्यासाठी ताकद कमी करायची, पकड नाही. फार क्वचित, अगदी सरळसोट ट्रॅकवर, हा हिशोब उलटा जातो. आज तुम्हाला त्याची काळजी नको.

टायरची नावं बघून गोंधळ होतो, पण गोष्ट सोपी आहे. कम्फर्ट, स्पोर्ट्स आणि रेसिंग अशी तीन घराणी, प्रत्येकात हार्ड, मीडियम, सॉफ्ट. कोरड्या रस्त्यासाठी हे एवढेच नऊ. घराणं वर जाईल आणि टायर मऊ होईल तशी पकड वाढते. शर्यतीत उतरण्याआधी नियमांत टायरची अट आहे का ते बघा. नसेल आणि शर्यत दोन-तीन लॅपची असेल, तर तुमच्याकडचा सगळ्यात मऊ स्पोर्ट्स टायर लावा, एवढ्यात तो झिजत नाही. लांब शर्यतीत मात्र आकडेमोड करा. समजा सॉफ्टमुळे लॅपला एक सेकंद वाचतो, शर्यत 12 लॅपची आहे आणि सॉफ्टसाठी एक पिट, म्हणजे टायर बदलायला थांबणं, जास्त लागतो. वाचले 12 सेकंद. पिटमध्ये जाऊन-येऊन त्याहून जास्त जातात, मग मीडियम बरा.

रेसिंग टायर निदान पहिले पंधरा दिवस रोडस्टरला लावू नका. त्यांची पकड इतकी असते की तुमच्या चुका झाकल्या जातात आणि पीपीही भलताच वाढतो. उलट एका संध्याकाळी मुद्दाम कम्फर्ट टायरवर दहा लॅप मारा. हे टायर कमी वेगातच सुटतात, आणि सुटण्याआधी कर्कश आवाज करून सांगतात. तो आवाज ओळखायला शिकलात तर तुमचा पाय, म्हणजे खरं तर बोट, आपोआप हलकं होईल. पीएस5 वर खेळत असाल तर जोरात ब्रेक दाबल्यावर एल2 (ब्रेकचं बटण) बोटाखाली थरथरतो, तेव्हा चाकं जाम होऊ न देणारं एबीएस काम करत असतं. चाकं घसरू लागली की ताकद आवरणारं टीसीएस सध्या 1 किंवा 2 वर राहू द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पावसाचं वेगळं सांगतो, कारण एक दिवस तुम्ही फ्रान्समधल्या ल मॉं ट्रॅकवरच्या 700 पीपीच्या अर्ध्या तासाच्या शर्यतीत उतरालच. तिथला एक लॅप 13.6 किलोमीटरचा, आपल्या साध्या गाड्यांना चारेक मिनिटं लागतात. पिटपाशी कोरडं असतं आणि ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला पाऊस कोसळत असतो. कोरड्याचे रेसिंग टायर गुळगुळीत असतात, पाणी बाहेर काढायला त्यांना खाचाच नाहीत. पावसाळ्याआधी आपण गाडीच्या टायरची नक्षी तपासतो ते याचसाठी. चुकीच्या टायरवर पिट ओलांडून पुढे गेलात की पूर्ण लॅप रखडत काढावा लागतो. म्हणून पिटच्या दोन वळणं आधीच पडद्यावरचं हवामानाचं रडार उघडून ढग कुठे चाललेत ते बघा, आणि ट्रॅक किती ओला आहे ते दाखवणाऱ्या पट्टीवर नजर ठेवा. थोडं ओलं असेल तर इंटरमीडिएट, पाणी साचलं असेल तर हेवी वेट. पाऊस थांबल्यावर गाड्या जिथून जातात ती पट्टी आधी वाळते. इंटरमीडिएट लावलेले असतील तर तिच्यावरून सतत जाऊ नका, सरळ रस्त्यावर बाजूच्या ओल्या भागातून न्या, टायर जास्त टिकतात.

सध्या नव्या गाड्यांवर पैसे उडवू नका. खेळातल्या कॅफेची मेनू पुस्तकं, म्हणजे तिथे दिलेली कामं, पुरी करत गेलात की बऱ्याच गाड्या बक्षीस मिळतात, आणि लायसन्सच्या सगळ्या परीक्षांत ब्राँझ मिळवलं तरी गाडी मिळते. नॅशनल बी या पहिल्या लायसन्सची परीक्षा तर आजच द्या, ब्रेक कुठे मारायचा हे तिथे फार छान शिकायला मिळतं.

आज रात्री एवढं करून बघा. रोडस्टरचा टर्बो काढा, स्पोर्ट्स सॉफ्ट लावा, त्सुकुबावर दहा लॅप. शेवटच्या वळणात आर2 एकदम न दाबता स्टीअरिंग जसजसं सरळ होईल तसतसा दाबत जा. टायर लाल न होता दहावा लॅप झाला, तर टर्बो परत बसवा आणि तेव्हा किती वेळ लागला ते मला कळवा.