4294967297 ही संख्या मूळ आहे का? तिचे गणिती गुणधर्म कोणते?

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या मूळ नाही. मात्र ती मूळ असावी असे खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला वाटले होते, त्यामुळे आपली शंका अगदी रास्त आहे.

ही संख्या म्हणजे 2³² + 1. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 हे अंक वापरून, ती 1, मग एकतीस शून्ये आणि शेवटी पुन्हा 1 अशी लिहिली जाते. 2 चा घातांक स्वतः 1, 2, 4, 8, 16 असा दुप्पट करत नेऊन दर वेळी 1 मिळवला, तर 3, 5, 17, 257 आणि 65537 या पाच संख्या मिळतात आणि त्या पाचही मूळ आहेत. पुढच्याही तशाच असतील, असा फर्माचा अंदाज होता. परंतु 1732 साली ऑयलर या गणितज्ञाने दाखवून दिले की सहावी संख्या, म्हणजे आपलीच 2³² + 1, ही 641 × 6700417 आहे. हे दोन्ही अवयव मूळ असल्याने तिला चारच विभाजक आहेत.

हिचे वर्गमूळ 65536 च्या किंचित पुढे जाते आणि तिथपर्यंत 6542 मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी भागून पाहण्याची गरज मात्र नाही. समजा प हा तिचा मूळ अवयव आहे. मग 2³² ला प ने भागल्यावर बाकी −1 येते आणि 2⁶⁴ ला भागल्यावर 1. त्याआधीच्या कोणत्याही घाताला बाकी 1 येऊ शकत नाही, आणि प मूळ असल्याने 2 च्या प − 1 व्या घाताची बाकीही 1 च असते, म्हणून प − 1 ला 64 ने निःशेष भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने 193, 257, 449, 577, 641 या आहेत, म्हणजे पाचव्याच प्रयत्नात काम होते. भागाकारही टाळता येतो, आणि मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते: 641 = 5 × 2⁷ + 1 आणि 641 = 5⁴ + 2⁴. 641 ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीच्या भाषेत 5 × 2⁷ म्हणजे −1, म्हणून चौथा घात घेतल्यावर 5⁴ × 2²⁸ म्हणजे 1. त्यात 5⁴ च्या जागी −2⁴ ठेवले की −2³² म्हणजे 1, अर्थात 2³² + 1 ची बाकी शून्य.

ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: 65536² + 1² आणि 62264² + 20449². मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, तेव्हा अवयव ठाऊक नसतानाही एवढ्यावरून ती संयुक्त ठरते.

फर्माच्याच नावाने ओळखली जाणारी कसोटी येथे फसते, हा योगायोग मोठा मजेदार आहे. संख्या मूळ आणि विषम असेल तर 2 च्या 'त्या संख्येहून एकाने कमी' घाताला तिने भागल्यावर बाकी 1 येते. आपल्या संख्येलाही बाकी 1 च येते, कारण 2⁶⁴ ला तिने भागल्यावर बाकी 1 येते, तो घातांक 2³² आहे आणि त्याला 64 ने निःशेष भाग जातो. पाया 2 ऐवजी 3 घेतला की मात्र बाकी 1 येत नाही आणि सोंग उघडे पडते.