तुम्ही विचारलंत : ‘तुझे बाबा तर वारले होते ना?’

प्रश्न : मी आणि बाबा रात्री जेवताना ‘फ्रेझर’ ही जुनी अमेरिकन सिरियल बघतो. परवाच्या एपिसोडमध्ये फ्रेझरचा जुना मित्र सॅम येतो, घरात बसलेल्या म्हाताऱ्याला बघतो आणि म्हणतो, अरे तू तर सांगितलेलंस की बाबा वारले! बाबा म्हणतात लेखकांची चूक, मी म्हणते मुद्दाम केलेला जोक. शंभर रुपयांची पैज आहे. कोण जिंकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : पन्नास-पन्नास वाटून घ्या, कारण आधी चूक झाली आणि मग त्या चुकीचाच जोक केला. फ्रेझर हे पात्र मुळात ‘चिअर्स’मधलं, बोस्टनच्या एका बारवरची सिरियल, १९८२ ते १९९३ चालली, आणि सॅम म्हणजे त्या बारचा मालक. तिथे फ्रेझर बोलता बोलता सांगून गेलेला की माझे वडील शास्त्रज्ञ होते, आता नाहीत. तेव्हा कोणाला माहीत होतं याची पुढे वेगळी सिरियल होणार आणि तिचा सगळा डोलाराच बापलेकावर उभा राहणार! १९९३ मध्ये ‘फ्रेझर’ सुरू झाली तर वडील जिवंत, शास्त्रज्ञ नाही तर खुब्याला गोळी लागून रिटायर झालेले पोलीस, आणि पोराच्या उंची फर्निचरमध्ये स्वतःची चिकटपट्ट्या लावलेली खुर्ची आणून ठेवलेले.

दुसरे कोणी असते तर गप्प बसले असते हो. आपल्याकडे तर माणूस दरीत पडतो आणि सहा महिन्यांनी प्लास्टिक सर्जरी करून परत येतो, कोण विचारतंय. इथे फेब्रुवारी १९९५ च्या एपिसोडमध्ये त्यांनी सॅमला सिॲटलला, म्हणजे फ्रेझर आता राहतो त्या शहरात, आणला आणि वडिलांच्या तोंडावरच विचारायला लावलं. फ्रेझरचं उत्तर काय तर, बाबा, तेव्हा आपलं भांडण झालं होतं, तुम्ही मला नावं ठेवून फोन आपटलात, मी चिडलो होतो! आणि शास्त्रज्ञ कशाला केलंस विचारलं तर म्हणे, तुम्ही मेलाच होतात, काय फरक पडत होता. मला हा तुकडा सगळ्या एपिसोडमध्ये भारी वाटतो, कारण भांडणात राग आला म्हणून बापाला परगावी मारून टाकणं हे चुकीवरचं ठिगळ वाटतच नाही, घरातलंच वाटतं. आणि पोलीसगिरी लपवली ती लपवलीच, मेलेल्या बापालाही जरा वरची पोस्ट दिली.

प्रश्न : मग सॅमच्या लग्नाचं नक्की काय होतं? शेवटी आम्ही दोघं भांडत होतो, नीट कळलंच नाही. – तीच वाचक

उत्तर : सॅम बोहल्यावरून पळून आलेला असतो. फ्रेझर सायकियाट्रिस्ट, त्यामुळे तो सल्ला देतो की परत जा, आणि मग नवरीमुलगी समोर आल्यावर त्याच्या लक्षात येतं की अरे हिच्याबरोबर तर आपणही एक रात्र काढलीय. पुढचा सगळा वेळ घाम पुसण्यात. ती नंतर सॅमकडे कबुली देते पण फ्रेझरचं नाव घेत नाही, बारमधल्या दोघांची घेते, पहिल्याला सॅम पचवतो आणि दुसरा क्लिफ निघतो, बारमधला तो बडबड्या पोस्टमन, तिथे लग्न मोडतं. क्लिफ ज्यांना माहीत नाही त्यांना हे अर्धंच हसवतं, ‘चिअर्स’चे दोन-चार एपिसोड बघून घ्या.

प्रश्न : २०२३ ची नवी ‘फ्रेझर’ बघावी का?

उत्तर : बघा, पण बाबांबरोबर बघताना जरा तयारीत बसा. वडिलांचं काम करणारे जॉन माहोनी २०१८ मध्ये गेले, त्यामुळे सिरियलमधलेही वडील आता खरंच गेलेत, आणि फ्रेझर येतो तो परत बोस्टनलाच, जिथे त्याने त्यांना पहिल्यांदा मारलं होतं. त्याचा पोरगा हार्वर्ड सोडून फायरमन झालाय आणि बापाशी धड बोलत नाही. एक जास्तीची गंमत, माहोनी १९९२ मध्ये ‘चिअर्स’मध्येही येऊन गेलेत, जाहिरातीची गाणी रचणाऱ्या एका भलत्याच माणसाच्या कामात. हे बाबांना लगेच सांगू नका, आधी शंभराची पैज लावा.