झाकून मोज

टिळकवाडी, बेळगाव

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

गणपतीत आलीस, ताटातला मोदक बोटानं कुस्करत बसलीस आणि निघताना चपला घालता घालता म्हणालीस, ‘सर, सहा महिन्यांचं काम गेलं.’ तुला खानापूरची बस गाठायची होती आणि मलाही नेमकं काही सुचलं नाही. तुझं ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

तुझ्या फळमाश्यांतले म्यूटंट, म्हणजे जनुक बदललेले, नर माद्यांच्या मागं कमी लागतात, असं तुझे आकडे सांगतात. नवा ज्युनियर मोजायला बसला की फरक गायब. गाईड म्हणतात, त्याचा हात अजून बसलेला नाही, तुझे आकडे धर. आणि तू मला विचारतेस, कुणाचं खरं? मी तुला एवढंच विचारतो: मोजताना व्हायलवरची, माश्यांच्या त्या काचेच्या कुपीवरची, चिठ्ठी तुला दिसत होती का?

दिसत असणारच. तूच लावलेली, तुझ्याच अक्षरातली.

मग खरं कुणाचं, हा प्रश्नच अजून आलेला नाही. झाकून मोज. आधी झाकून मोज, मग बोलू.

तुला वाटेल, म्हातारा क्षुल्लक गोष्ट धरून बसलाय. हिशेब करून बघ. दहा मिनिटांचं निरीक्षण म्हणजे 600 सेकंद. नर मादीच्या मागं जातो, पुढच्या पायानं तिला टोकतो, मग एक पंख पसरून थरथरवतो, तेच त्याचं गाणं. पंख नेमका कधी पसरला? नुसता हलला की खरंच गायला लागला? हे तुझा स्टॉपवॉचवरचा अंगठा ठरवतो. एका वेळेला अर्धा सेकंद उशीर धर. चाळीस वेळा पंख पसरला तर वीस सेकंद गेले, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. एवढ्या फरकावर लोक पेपर लिहितात! अंगठा लबाड नसतो गं, आज्ञाधारक असतो. तुझ्या मनात जे आहे ते तो निमूट करतो.

1963 साली रोझेन्थाल आणि फोड या मानसशास्त्रज्ञांनी बारा विद्यार्थ्यांना पाच-पाच उंदीर दिले. निम्म्यांना सांगितलं, तुमचे जातिवंत हुशार, उरलेल्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ. उंदीर सगळे सारखेच. तरी ‘हुशार’ उंदरांचे आकडे सरस आले. असं व्हायला मुद्दाम लबाडी करावी लागत नाही.

पण मला हे रोझेन्थालच्या आधी वडिलांनी शिकवलं होतं, मी शिकलो नाही ही गोष्ट वेगळी. आम्ही चिकोडीकडचे. ओळखीच्या माणसाचा बैल घ्यायचा असला की वडील दात बघायला दुसऱ्याला पाठवायचे. म्हणायचे, ‘मी बघितला तर चार दातीसुद्धा मला दोन दातीच दिसणार.’ वडील चौथी शिकलेले. मी डॉक्टरेट घेऊन उघड्या चिठ्ठीनं माश्या मोजल्या.

तेही सांगून टाकतो. तुझ्या वयाचा असताना माझ्याही नरांमध्ये असाच सुरेख फरक आला. मोजणारा मी, चिठ्ठ्या माझ्या, घाई गाईडची. पेपर निघाला. पुढं परदेशातून एक सभ्य पत्र आलं, की आम्हाला हा फरक दिसत नाही, पद्धत सविस्तर कळवाल का? मी कळवलं की तुमचं तापमान वेगळं असेल, खाद्य वेगळं असेल, आमच्याकडं गूळ घालतात. आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. 1999 मध्ये क्रॅब आणि मंडळींनी तीन शहरांतल्या तीन प्रयोगशाळांत त्याच वंशाचे उंदीर, तीच उपकरणं, तीच वेळ ठेवून बघितलं, तरी काही चाचण्यांचे निकाल वेगवेगळे आले. म्हणजे माझ्या पत्राला आधार होता. शिवाय तेव्हा आमच्या खोलीत सगळेच तसंच मोजायचे, मी एकटा काय वेगळा होतो?

बघ, अजूनही सुरूच आहे माझं. एक आठवडा झाकून मोजलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मी मोजलं नाही, कारण उत्तर काय येईल ते मला माहीत होतं.

तेव्हा झाकून मोज. ज्युनियरला सांग, चिठ्ठ्या काढून कुप्यांवर नुसते क्रमांक लिही, कुठला क्रमांक कुणाचा ती यादी लखोट्यात घालून चिकटव आणि गाईडच्या कपाटात ठेव. सगळी मोजणी संपेपर्यंत लखोटा फुटता कामा नये. अर्ध्यात ‘जरा बघूया’ म्हणालीस तर सगळं पहिल्यापासून. म्यूटंट सकाळी आणि साधे नर दुपारी असं करू नकोस, माशीचा उत्साह दिवसभरात तासातासाला बदलतो. आणि डोळे बघ! तुझ्या एका वाणाचे डोळे पांढरे असतील तर लखोट्याचा काय उपयोग? चिठ्ठी झाकलीस, डोळ्यानं चुगली केली. त्यातून ‘व्हाइट’ जनुकाचाच नराच्या वागण्यावर परिणाम होतो. दोन्हीकडं डोळ्याचा रंग एकच येईल असे संकर कर. दोन-तीन पिढ्या लागतील, 25 अंशाला पिढीला दहा दिवस. लागू देत.

तुझी आई म्हणते, फणस फोडला की घरात हवी तेवढी चिलटं, त्यासाठी बेंगळुरूला कशाला? म्हणू दे. पण गावात कुणी ‘दारू रक्तातच असते ना गं?’ विचारलं तर विद्वत्ता पाजळू नकोस. नैराश्य ज्यांच्यामुळं येतं म्हणायचे, अशी अठरा लाडकी जनुकं लोकांनी वर्षानुवर्षं मिरवली. 2019 मध्ये लाखो माणसांवर तपासली, तेव्हा ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत.

गाईड चिडतील. माझेही चिडले असते, असं मी स्वतःला सांगत आलोय. विचारलं मात्र कधीच नव्हतं. तू विचार.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या होस्टेलसाठी कुंदा बांधून ठेवतो. त्याआधी आकडे पाठव. नुसते आकडे. कुठल्या व्हायलीतले, ते मला कळवू नकोस.

तुझा,
सर