ई-मेल पत्ता तपासायचा, पण कितपत?

प्रश्न : मी नाशिकच्या सातपूरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी माती-पाणी तपासणीचा नोंदणी फॉर्म करतोय. ई-मेल तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे कुठली चिन्हं कोणत्या क्रमानं यावीत हे सांगणारा पॅटर्न, लावलंय : आधी अक्षरं, अंक, डॉट किंवा अंडरस्कोअर, मग @, मग अक्षरं-अंक, मग एक डॉट आणि शेवटी दोन ते चार अक्षरं. तरी काहींचे चालू पत्ते नाकारले जातात. शंभर टक्के अचूक पॅटर्न मिळेल का? – एक वाचक

उत्तर : नाही मिळणार, आणि तो शोधण्यात वेळही घालवू नका.

आधी तुमचा पॅटर्न पाहू. @ नंतर एकाच डॉटला जागा आहे, म्हणजे 'डॉट को डॉट इन' असलेला प्रत्येक पत्ता बाद. आपल्याकडच्या किती कंपन्या आणि संस्था तो वापरतात! डोमेनमधली, म्हणजे @ नंतरच्या भागातली, आडवी रेघ बाद, नावातलं, म्हणजे @ आधीच्या भागातलं, + चिन्ह बाद. 'दोन ते चार अक्षरं' ही अट तर 2001 मध्ये 'डॉट म्युझियम' आलं तेव्हाच जुनी झाली. 2014 पासून 'डॉट भारत' देवनागरीत मिळतं. देवनागरी पत्त्यांवर मेल कशी न्यायची, याचं मानक 2012 चं आहे, आरएफसी 6531 (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारी क्रमांकित कागदपत्रं). तुमचा पॅटर्न ए ते झेडच्या पलीकडे बघतच नाही.

मग मानकातलं सगळं पॅटर्नमध्ये का कोंबू नये? ई-मेलचा साचा ठरवणाऱ्या आरएफसी 5322 नुसार अवतरणचिन्हांत लिहिलं तर नावात जागा सोडलेली चालते. कंसात टिप्पणी चालते, त्या कंसात आणखी कंस चालतो. कितीही खोल जाणारे कंस मोजणं मूळच्या रेग्युलर एक्स्प्रेशनच्या आवाक्यातलं नाही. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेत कोणीतरी याच मानकाच्या जुन्या रूपासाठी, आरएफसी 822 साठी, असा पॅटर्न रचला, तो सहा हजारांहून जास्त चिन्हांचा झाला. तोही टिप्पण्या आधी काढून टाकल्यावरच चालतो. असला पॅटर्न उद्या दुरुस्त कोण करणार? शिवाय पॅटर्न बेताल लिहिला की सर्व्हर पुन्हापुन्हा मागे येऊन जुळवणी करत बसतो. 2 जुलै 2019 ला असंख्य वेबसाइट्सची वाहतूक सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीची सेवा 27 मिनिटं कोलमडली, ती अशाच एका पॅटर्नमुळे. तो ई-मेलचा नव्हता, पण दुखणं तेच.

मी कॉलेज रोडला मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवते, त्यांना एवढंच लिहायला लावते : पुढची-मागची मोकळी जागा आधी छाटा, कारण मोबाइलचा कीबोर्ड शब्द सुचवून शेवटी जागा सोडतो. मग @ आहे ना, त्याच्या दोन्ही बाजूंना काही आहे ना, उजवीकडे डॉट आहे ना, मध्ये जागा किंवा उजवीकडे स्वल्पविराम नाही ना, आणि लांबी 254 च्या आत आहे ना. बस्स.

पत्ता खरा आहे का, हे पडताळणीची मेल पाठवल्यावरच कळतं. जीमेलमधला एल राहून गेलेला पत्ता कुठल्याही पॅटर्नला चोखच दिसतो. तिथे 'जीमेल म्हणायचंय का?' असं विचारा, पण परस्पर बदलू नका.

आणि एक कळकळीचं. निफाडच्या कितीतरी बागायतदारांचा ई-मेल मुलानं किंवा सेवा केंद्रातल्या माणसानं काढून दिलेला असतो, आणि तो नंतर कोणी उघडत नाही. तपासणीचा अहवाल छाटणीआधी हातात पडायला हवा. म्हणून मोबाइल नंबर सक्तीचा ठेवा, ई-मेल ऐच्छिक. पत्ता चुकलाच तर लाल अक्षरांत 'अवैध' एवढंच लिहून माणसाला माघारी पाठवू नका. '@ नंतरच्या भागात डॉट राहिला आहे' असं नेमकं सांगा, आणि त्यानं आधी भरलेले गट नंबर, क्षेत्र, वाण पुसले जाणार नाहीत एवढं बघा.