पुनाखाला पहिल्यांदा जाताय?

भूतानची राजधानी थिंफूहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, असं पुनाखा उरकू नका. एक रात्र राहाच. वाटेत दोचुला खिंडीत, सुमारे ३१०० मीटरवर, स्वेटर लागतो. खाली पुनाखा जेमतेम १२०० मीटरवर, भातशेतीचं उबदार खोरं. म्हणूनच भूतानचा मुख्य भिक्षुसंघ हिवाळ्यात थिंफू सोडून इथल्या झोंगमध्ये येतो.

झोंग म्हणजे किल्ला आणि मठ एकाच भिंतीआड. भूतानला एकत्र आणणारे धर्मगुरू झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी १६३७-३८ मध्ये पुनाखाचा झोंग फो छू आणि मो छू नद्यांच्या संगमावर बांधला. लगेच आत शिरू नका. आधी पलीकडच्या काठावर थांबून दोन्ही प्रवाह एकत्र येताना बघा. मग छप्पर असलेल्या लाकडी पुलावरून जा. पुढचा लाकडी जिना चांगलाच उभा आहे, शत्रूला सहज चढता येऊ नये म्हणून. माझ्या आईने तो कठडा घट्ट धरून, दर चार पायऱ्यांवर थांबत पार केला. गुडघे दुखत असतील तर तसंच करा. आतल्या मोठ्या दालनातली बुद्धचरित्राची भित्तिचित्रं मात्र निवांत बघा, अर्धा तास तरी द्या.

पूर्ण बाह्यांचा कॉलरवाला शर्ट, फुल पँट हवी. टोपी दारातच काढा, मंदिरात फोटो नाही.

आणि कागदपत्रं: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, आधारवर प्रवेश मिळत नाही. भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये शुल्क पडतं, तेवढं बजेटमध्ये धरा. जमलं तर वसंतात जा, झोंगच्या भिंतीलगत जॅकरंडा जांभळा फुललेला असतो.